लाल मातीचा थर

१६ ऑगस्ट, शुक्रवार

वर चढवलं ते चढवलं! आता प्लास्टर निघेपर्यंत जिना बंद. सुमंतने आणि ऑटोवाल्याने मला खुर्चीत बसवून वर आणलं. सासूबाई खालून ओरडत होत्या — "अरे, तिचा पाय भिंतीला लागेल!" लागलाच.

गांधीबागेत महालक्ष्म्यांसाठी साड्या घ्यायला गेले, साड्या गाडीवरच राहिल्या आणि मी रस्त्यावर. शाळेत माझे चित्रकलेचे तास आता दुसरं कुणीतरी घेईल. पोरं खूश असतील.

पूर्वी या खिडकीतून शेजारच्या बंगल्यातलं आंब्याचं झाड दिसायचं. आता बंगलाही नाही आणि झाडही नाही. खड्डा! नवीन हॉस्पिटल, त्याला खोल तळघर. धंतोलीत हॉस्पिटलं कमी पडून राहिली होती म्हणे.

१७ ऑगस्ट, शनिवार

पाय ठणकतो. पोकलेनचा आवाज सकाळपासून.

१८ ऑगस्ट, रविवार

सुमंतने लॅपटॉपवर एक खेळ टाकून दिला. "वेळ जाईल तुझा," म्हणाला. कॉलेजात तो रात्र रात्र खेळायचा म्हणे. एक टेकडी असते, मूठभर माणसं असतात. त्यांनी टेकडी खणायची, आत वस्ती करायची — घरं, विहीर, धान्याची कोठारं, सगळं जमिनीखाली. चित्रं अगदी साधी, ठोकळे ठोकळे.

गंमत अशी की खालचा दगड कोणता हे खेळ आधी सांगत नाही. सगळं करडं. कुदळ लागून पहिला तुकडा निघाला की नाव कळतं. तोवर आपणच ओळखायचं — काठावर उघडा पडलेला रंग बघून, कुदळीचा आवाज ऐकून, पाणी कुठे पाझरतंय ते पाहून. वाळूचा दगड पिवळसर, दाणेदार. शेल करडा, पापुद्र्यांचा. बेसाल्ट काळा, कुदळ लागली की टणटण वाजतो. आणि चिकणमाती — ती गुळगुळीत, तिच्यावर कुदळीचा आवाजच येत नाही.

माणसांना मी स्टाफरूममधली नावं दिली. पीटीचे सर पुढे, खणायला!

२० ऑगस्ट, मंगळवार

सगळे मेले.

घाईच केली मी. वर सैल मुरमासारखं काहीतरी होतं, त्याखाली चिकणमातीचा पातळ पट्टा. मला वाटलं, मऊ आहे, पटकन खणून होईल. तिथेच आडवा बोगदा काढला आणि दोन्ही बाजूंना घरं बांधली. खेळात पाऊस लागला. पाणी वरून झिरपत आलं, चिकणमातीवर अडलं — आणि वरचा अख्खा थर त्या मातीवरून साबणावरून घसरावा तसा घसरला. घरांची रांगच्या रांग बोगद्यात! मग पडद्यावर एकेक नाव. पीटीचे सर, लायब्ररीच्या मॅडम, शिपाईदादा.

सुमंत हसत होता. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं." मला जेवण गेलं नाही. खेळच तो, पण नावं का दिली मी त्यांना?

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज वच्छला पहिल्यांदा वर आली. पलीकडच्या चौकीदाराची बायको. खड्ड्याच्या त्या काठावर त्यांची टिनाची शेड आहे, माझ्या खिडकीच्या बरोबर समोर. नवऱ्याचं नाव रुपराव. खाप्याकडच्या गावातले. आईंनी तिला भांड्यांना ठेवलंय, आणि माझं ताट वर आणायला. आईंचे गुडघे जिना नको म्हणतात.

ताट ठेवून ती लॅपटॉपकडे बघत उभी राहिली.

"काय खोदून राह्यल्या वं ताई दिवसभर?"

मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "आमचा मानूस खड्ड्याची राखन करते, आन् तुमी इथं खड्डे खोदता!"

माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. हातावर गोंदण, त्यात नवऱ्याचं नाव. मुलगी काजल रामटेकला दिली. आवाज खणखणीत — काठावरून हाक मारली तरी रुपरावांना तळात ऐकू जाते.

२५ ऑगस्ट, रविवार

नवी वस्ती जमतेय. या वेळी आधी एक अरुंद विहीर सरळ खाली सोडली, थर बघत बघत. घाई नाही. नावंही नाही दिली कुणाला.

दुपारी लॅपटॉप तापला म्हणून बंद केला आणि सहज बाहेर पाहिलं. तर काय — हेच! खड्ड्याच्या समोरच्या भिंतीत सगळे थर उभे कापलेले, रंगपेटी उघडावी तसे. वर काळी माती. मग पिवळा मुरूम. मग काळाकरडा फुटका दगड. आणि त्या दगडाखाली एक लाल पट्टा, फार तर हातभर जाडीचा, कडेला हिरवट. त्याच्याखाली पुन्हा काळा दगड. इतके दिवस मी नुसता "खड्डा" बघत होते.

रंग सुंदर आहे तो. जळलेल्या विटेचा, ओला.

ओला का पण?

२६ ऑगस्ट, सोमवार

रात्री पाऊस झाला. सकाळी बघते तर लाल पट्ट्याच्या वरच्या रेघेतून पाणी. समोर, शेडीच्या खाली. खाली पट्टा, वर पाणी.

मी ते चित्र आधी पाहिलंय. पडद्यावर.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सुमंतला दाखवलं. तो खिडकीत उभा राहून चहा पीत होता. "नूपुरबाई भूगर्भशास्त्रज्ञ!" म्हणाला. मग माझं तोंड बघून कप खाली ठेवला. "अगं, त्यांचे इंजिनिअर असतात. ते मोजून-मापून खणतात."

असतील. पण पाण्याची मोटर कालपासून बंद झालेली नाही. आधी एक होती, आता दोन.

२९ ऑगस्ट, गुरुवार

वच्छलाला विचारलं, शेडीत काही वेगळं वाटतं का.

"काई नाई. रातच्यानं भुई थंडी लागते. अन् मोटर वाजून राह्यते, झोपच नाई येत." मग माझ्याकडे वळून — "काहून पुसता?"

मी सांगून टाकलं. लाल माती, वरचं पाणी, घसरणं. हातावर हात सरकवून दाखवलं. ती ऐकत होती, हसली नाही. खिडकीशी गेली. आपलीच शेड पलीकडून अशी तिने कधी पाहिली नव्हती. एवढीशी दिसते. काठावर ठेवलेल्या काडेपेटीसारखी.

"अगंबाई," म्हणाली, "एवढ्या काठावर हाओ का आमी?"

मला वाईट वाटलं. उगाच घाबरवलं. पण मग गप्प कशी बसू?

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

आईंनी पुरण केलं. वच्छलाने रुपरावांसाठी डबा नेला. ते काठावर बसून जेवले, पाय खड्ड्यात सोडून. मी इथून ओरडले — "रुपरावभाऊ, आत बसा ना!" त्यांनी हात हलवला. ऐकू आलं नसेल. मोटरी चालू होत्या.

४ सप्टेंबर, बुधवार

काल मारबत. वच्छला दुपारी तिकडे गेली होती, इडापिडा घेऊन जाणाऱ्या त्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला. आज सांगत होती, किती गर्दी, कशी आरोळी देतात. "म्या बी वरडली ताई, घेऊन जा म्हनून! आमच्या खड्ड्याचं बी घेऊन जा म्हटलं."

खेळात मी आता बघूनच थर सांगते. कुदळ लागायच्या आधी. दहातले नऊ बरोबर येतात. सुमंत म्हणतो त्यालाही इतकं जमत नव्हतं. मला त्याचा आनंद होत नाही. डोळ्यांना सवय लागली, आता ते बाहेरही तेच बघतात.

समोरची ओल वाढली. मुरमातही काळे डाग उतरले आहेत. मागच्या खोलीचं दारही लागत नाहीये आज, आई खालून बडबडत होत्या. पावसात लाकूड फुगतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

मधुसूदनकाकांना फोन केला. सुमंतचे सख्खे काका, आयुष्यभर विहिरींसाठी जमिनीची तपासणी करत फिरले, आता निवृत्त, अमरावतीला लेकीकडे. मी खेळापासून सुरुवात केली तर मोठ्याने हसले. पण लाल पट्टा म्हटल्यावर हसणं थांबलं.

"ती लाव्हाच्या दोन थरांमधली माती. नागपुरात सापडते कुठेकुठे. ओली झाली की लोण्यासारखी होते. नूपुर, तुझ्या खेळात थर सपाट असतात ना?"

"हो."

"जमिनीत नसतात. झुकलेले असतात. कुठे उतरतोय तो पट्टा, पाहिलंस?"

मी फोन कानाशी धरून पाहिलं. डाव्या-उजव्या भिंतींत स्पष्ट दिसतं! आमच्याकडून पट्टा वर सुरू होतो आणि तिकडे जाता जाता खाली उतरतो. फार नाही. टेबलाचा एक पाय आखूड असावा तेवढा.

"शेडीकडे उतरतोय, काका."

"उतार आहे म्हणजे धोका आहेच. इंजिनिअरला सांगा, पाऊस असेपर्यंत खणू नका म्हणावं. मी महालक्ष्म्या झाल्या की येतो, बघतो."

शेडीकडे उतरतोय. म्हणजे सगळं तिकडेच जाणार — पाणी, माती, सगळं! माझा संशय खराच होता. खरं ठरल्याचा इतका राग कधी आला नव्हता.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सुमंत अखेर साइटवर गेला. मी खिडकीतून बघत होते. साइट इंजिनिअर धर्मेंद्र म्हणून आहे, पिवळी टोपी, फोन सतत कानाला. सुमंतने बोट दाखवलं तशी त्याने वर, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

सुमंतने परत येऊन सांगितलं — "म्हणाला, भाभीजी गेम में देखकर बता रही हैं क्या? मी काकांचं नाव घेतलं तेव्हा जरा नीट ऐकलं. थांबवणार नाही. वरून प्रेशर आहे. पण शेडीच्या बाजूला आधार देतो म्हणाला."

संध्याकाळच्या आत आले खरंच! वाळूची पोती, लाकडी बल्ल्या, समोरच्या भिंतीला टेकवून. धर्मेंद्रने खालून अंगठा दाखवला. वाईट माणूस नाही तो. मीही अंगठा दाखवला.

७ सप्टेंबर, शनिवार. गणपती

पाऊस. आरती खाली झाली, मी वरून टाळ्या वाजवल्या. पोकलेन आजही चालू.

८ सप्टेंबर, रविवार

पाऊस थांबत नाही. पोती ओली होऊन काळी पडलीत. बल्ल्यांपैकी एक सरकली, कुणी परत लावली नाही.

वच्छला ताट घेऊन आली तेव्हा तिचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. शेडीत पाणी शिरलं. मी म्हटलं, तू इकडे ये राहायला. तिने पदराने पायांचा चिखल पुसला. मग म्हणाली, "तुमच्या आई काय म्हनतीन? महालक्ष्म्यांचं घर हाय."

ती परत गेल्यावर आईंना वर बोलावलं. गुडघे धरत आल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलले. मागची खोली रिकामी आहे, फक्त पिंप आणि जुनी शिलाई मशीन. महालक्ष्म्या पुढच्या खोलीत बसतात. काय बिघडतं?

आई म्हणाल्या, "सगळं आवरायचंय, सोवळ्याचं आहे, आणि तू आता हे काढलंस."

"आई, ती शेड पडणार आहे."

"तुला कसं ठाऊक?"

मी खिडकीकडे हात केला. त्या आल्या, कितीतरी वेळ बघत राहिल्या. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांना थर-बिर काय दिसले असतील कोण जाणे. पण वच्छला त्या क्षणी काठावरून बादलीने शेडीतलं पाणी बाहेर टाकत होती. प्रत्येक बादलीला तिचा पाय सरकत होता.

"ये म्हणावं तिला," आई म्हणाल्या. "दोघांनाही."

९ सप्टेंबर, सोमवार

वच्छला आली! एक ट्रंक, एक गादी, स्टोव्ह. रुपराव नाही आले. सुमंत बोलायला गेला तर म्हणाले, "साहेब, मी चौकीदार हाओ. शेड सोडली तं ठेकेदार मले सोडन." मग म्हणे माझ्यासाठी निरोप — "ताईले सांगा, बायकोले घेतलं तेच लय झालं. मी पडन तं एकटा पडन."

वच्छला हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती. "लय हटी मानूस. काहून आयकत नाई तं नाई."

मी म्हटलं, आपण रोज सांगत राहू. उद्या, परवा ऐकतील.

१० सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या आल्या. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची ठेवून मी वरूनच पाहिलं. आईंनी उंबऱ्यापासून पावलं काढत आणल्या, वच्छला मागून थाळी वाजवत होती. सोवळं-ओवळं कुठे गेलं कोण जाणे! वच्छलाच्या अंगावर गांधीबागेतली ती साडी — माझ्या अपघाताची. आईंनीच दिली. जांभळी, तिला फार खुलली.

पाऊस जरा कमी. समोर पोत्यांच्या मधून पाणी लाल येतंय. नुसतं पाणी नाही, माती सोबत घेऊन.

११ सप्टेंबर, बुधवार

महालक्ष्म्यांचं जेवण. सकाळपासून खाली भांड्यांचा आवाज, पुरणाचा वास, आंबील. वच्छलाने एवढ्या भाज्या चिरल्या की आई म्हणाल्या, "ही नसती तर यंदा माझं काही खरं नव्हतं." रुपरावांचं पान तिनेच नेऊन दिलं. मी वरून बघत होते. ते शेडीच्या दारात बसून जेवले. या वेळी आत, पाय खड्ड्यात न सोडता.

दुपारी ती वर आली. घामाने डबडबलेली, पण चेहरा असा मोकळा की मी बघतच राहिले.

"काल झोपली म्या ताई. बऱ्याच दिसांनी. मोटरीचा आवाज भितीच्या पल्याड रायते, मले आयकूच नाई आला."

"आता खाली जा आणि एक डुलकी काढ. आईंनी हाक मारली तरी भांड्यांना हात लावू नकोस."

"तुमचा खेळ?"

"बंद केला."

खरंच बंद केला. सकाळीच. नवी वस्ती छान चालली होती, सगळे जिवंत होते, पण माणसं खाली खणत राहिली की मला समोरचीच भिंत दिसते. आता नको. ती इकडे आली, बस झालं. रुपरावांनाही परवापर्यंत आणू, मग पडू दे ती शेड, मला काय त्याचं!

खाली मागच्या खोलीचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. तिने नीट लावलं नसेल, ते लागत नाही. झोपली असेल. समोर शेडीच्या दारात रुपराव विडी ओढत बसलेत. ऊन पडलंय. बऱ्याच दिवसांनी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

त्याच दुपारी खड्ड्याची आमची बाजू गेली. मागची खोली, कुंपण, अंगण. काका म्हणाले, थर जिकडे उतरतो तिकडची भिंत टिकते, जिकडून उतरतो तिकडची घसरून खड्ड्यात येते. वच्छला दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यात मिळाली.

आज रुपराव आले. उंबऱ्याशीच उभे राहिले, आत आले नाहीत.

"मी शेडीतच होतो, ताई," म्हणाले. "मले काईच नाई झालं."